लेबलावरची निळी शाई

मी, व्हर्डेल क्रॉकेट, वय वर्षे सत्तावन्न, धंदा ज्यूकबॉक्स व रेकॉर्ड प्लेयर दुरुस्ती, त्याआधी लोखंडाच्या भट्टीवर ओतारी, राहणार ईस्ट साइड, सॅगिनॉ, मिशिगन, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला कायद्याने डोके लागते, फुप्फुसे लागत नाहीत. मला कोणी दटावलेले नाही, भुलवलेले नाही, पाजलेले नाही. वकील लावलेला नाही. काउंटीच्या वाचनालयात बसून या विषयाचा कायदा मी स्वतः वाचला आणि जिथे समजला नाही तिथे पुन्हा वाचला. ज्यूकबॉक्सही मी असाच शिकलो. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती, ती रद्द समजावीत. त्यांतल्या दुसऱ्यात अर्लिस बीमनला सगळा संग्रह दिला होता आणि प्रेमाने दिला होता. याही मृत्युपत्रात त्याचे नाव येणार आहे. प्रेमाचा भाग मात्र वगळला आहे.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची लाटोन्या हिने करावी. लाटोन्या म्हणजे माझी थोरली बहीण ओडेसा हिची एकुलती एक मुलगी. ती शाळेची बस चालवते. गाडीभर पोरांना ती मागे वळून न पाहता, नुसत्या आरशातून बघून गप्प बसवते. माझ्या मागे जे कोणी हात पुढे करून उभे राहतील, त्यांना गप्प बसवणे तिला जड नाही.

कलम २. राहते घर लाटोन्याला. छप्पर चांगले आहे, मी स्वतः घातले आहे. तळघराला ओल आहे. तळघरात मी आयुष्यात एकही तबकडी ठेवली नाही आणि तिनेही ठेवू नये. हिवाळ्यात हीटर पेटला नाही तर डाव्या बाजूला खालच्या अंगाला एक लाथ घालावी. उजव्या बाजूला घातल्यास विझतो.

कलम ३. बँकेत जे आहे त्यातून माझी माती करावी आणि उरेल ते लाटोन्याने घ्यावे. पेटी साधी असावी. शवपेट्या विकणारा गोड बोलेल; त्याला सांगावे की मयताला लाकडातले कळत होते. दफनानंतरच्या जेवणात तळलेला कॅटफिश आणि कॉर्नब्रेड असावा. जोनेटाने मॅकरोनी आणू नये. ती वरून पाव चुरते.

कलम ४. जोनेटा ही माझी पूर्वीची बायको. एका उन्हाळ्यात मी भट्टीवर दुपारपाळीला गेलो असताना तिने अंगणात टेबल मांडून, जुन्या पडद्यांबरोबर, माझी तबकड्यांची एक पेटी विकून टाकली. विचारले तर म्हणाली, “अरे, एकसारख्या दोन-दोन होत्या, म्हणून एकेक काढली. घर आहे का गोदाम?” त्या एकसारख्या नव्हत्या. गाणे एकच, पण छाप दोन. एकीत ड्रम कानाशी वाजतात, दुसरीत शेजारच्या खोलीत. हा फरक मी तिला दोन्ही वाजवून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “मला तर दोन्हींत तूच ऐकू येतोस, बडबडताना.” जोनेटाला माझा टीव्ही द्यावा. तिच्या कानांना तेवढे पुरे.

कलम ५. माझी सर्व हत्यारे लाटोन्याचा नवरा डॉनेल याला. माणूस चांगला आहे, पण पान्याने खिळा ठोकतो. पिवळ्या पडलेल्या मुठीची, कथलाने तारा डाखण्याची इस्त्री त्याला देऊ नये. ती माझ्याबरोबर पेटीत ठेवावी. तिला दुसऱ्या हाताची सवय नाही.

कलम ६. सेकंड सिलोम चर्चला काही नाही.

कारण लिहितो, म्हणजे कोणी विसरलो असे समजायला नको. चर्चच्या मागच्या खोलीत आमच्या मंडळींनी काढलेल्या तबकड्यांचे खोके होते. नवा गालिचा घातला तेव्हा सध्याचे रेव्हरंड, म्हणजे थोरल्या रेव्हरंड पर्व्हिस यांचे चिरंजीव, यांनी ते खोके जुन्या गालिच्याच्या गुंडाळ्यांबरोबर कचऱ्याच्या पिंपात घातले. मी पोहोचलो तोवर गाडी येऊन गेली होती. “ब्रदर क्रॉकेट,” ते मला म्हणाले, “आता सगळं सीडीवर मिळतं.” मी म्हणालो, “रेव्हरंड, ते नाही मिळत.” ते म्हणाले, “मग ते तितकंसं चांगलं नसेल.” त्या दिवसापासून मी दानपेटीत हात घालतो तो रिकामा घालतो आणि रिकामा बाहेर काढतो. चर्चला मी जातो, कारण ते देवाचे आहे. गालिचा पर्व्हिसांचा आहे.

कलम ७. आता मुख्य मिळकत.

माझ्या पुढच्या खोलीत तीन भिंतींना जी फडताळे आहेत त्यांत सॅगिनॉ, फ्लिंट आणि बे सिटी एवढ्याच टापूत निघालेल्या छोट्या तबकड्या आहेत. एका अंगाला एक गाणे, दुसऱ्या अंगाला एक. सोल, फंक आणि देवाची गाणी. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीचे इथे काही नाही. ते जगात सगळीकडे मिळते. माझ्याकडच्या तबकड्या दुकानात कधी गेल्याच नाहीत. त्या मोटारीच्या डिकीतून विकल्या गेल्या, चर्चच्या पायरीवर विकल्या गेल्या, न्हाव्याच्या गल्ल्याशेजारी तेलाच्या बाटल्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. गाणारे लोक ओतारी, नर्सबाया, शाळेतल्या स्वयंपाकिणी. पगारातून वाचवून तीनशे छापायच्या, शंभर खपायच्या आणि दोनशे पलंगाखाली म्हाताऱ्या व्हायच्या.

त्यांतली एक तबकडी स्वतंत्र लिहिण्यासारखी आहे. क्लिअरवेल, क्रमांक १०४. एका बाजूला ‘व्हरांड्यातला दिवा जळू दे’, दुसऱ्या बाजूला ‘चालत राहा’. वर्ष १९६८. क्लिअरवेल ही कंपनी म्हणजे आमचे न्हावी पेटिग्रू आणि त्यांच्या दुकानाची मागची खोली. ‘चालत राहा’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दमात घेतले आहे. तिसऱ्या कडव्यात मागे खळखळ ऐकू येते. जाणकार तिला अनोखे तालवाद्य म्हणतात. ती पेटिग्रूंच्या कुत्र्याची साखळी आहे. कुत्र्याचे नाव मेजर. मी तिथे होतो, भट्टीवर नवाच लागलो होतो आणि साखळी धरून ठेवण्याचे काम माझ्याकडे होते. कुत्र्याला गाणे आवडले, त्याला मी काय करणार?

दोन्ही गाणी माझी बहीण ओडेसा हिने गायली. मागे कोरसला चार बाया होत्या, पण कोरस म्हणजे भिंत. दार ओडेसा होती. तबकड्या छापून आल्या तेव्हा लेबलावर एवढेच होते: ‘रेव्हरंड एल. टी. पर्व्हिस आणि मंडळी’. रेव्हरंड पर्व्हिस, थोरले, यांनी त्या गाण्यात तोंड उघडले नव्हते. ते पेटिग्रूंच्या खुर्चीत दाढी करून घेत होते.

ओडेसा खोके घेऊन त्यांच्या दारात गेली. बरोबर मी होतो.

“रेव्हरंड, यावर माझं नाव नाही.”

“सिस्टर ओडेसा, मंडळी म्हटलं की सगळ्यांची नावं आली.”

“मग तुमचं वेगळं कशाला छापलंत?”

“नावाचा मोह वाईट, सिस्टर.”

“तेच म्हणते मी, रेव्हरंड,” ओडेसा म्हणाली.

छपाईचा खर्च चर्चने केला होता, त्यामुळे बोलणे तिथेच संपले. ओडेसाच्या वाट्याला विकायला एक खोके आले. बाकी रेव्हरंडांकडे राहिली. घरी येऊन ती स्वयंपाकाच्या टेबलापाशी बसली, निळे बॉलपेन घेतले आणि आपल्या खोक्यातल्या एकेका लेबलावर, भोकाच्या उजव्या हाताला, लिहीत गेली: ओडेसा क्रॉकेट. आमची आई चुलीपाशी उभी होती. म्हणाली, “अगं, हळू लिही. कागद फाटेल.” ओडेसा म्हणाली, “फाटू दे. पण दिसू दे.”

इथे एक रीत सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरून घडले. आमच्याकडे घरगुती नाचगाण्याला जाताना प्रत्येक जण आपापल्या तबकड्या घेऊन जाई. रात्र संपता संपता कोणाची कोणती ते ओळखू येत नसे, म्हणून मालक आपले नाव लेबलावर घालून ठेवी. कपड्याला धोबी खूण करतो तसे. त्यामुळे आमच्या टापूतल्या जुन्या तबकडीवर शाईने नाव दिसले की माणूस समजतो, हे मालकाचे. आणि संग्राहक समजतो, हा डाग. शाई आली की तबकडीचा दर्जा उतरतो. कोरी ती कोरी.

कलम ८. अर्लिस बीमन.

अर्लिस आणि मी एका भट्टीवर होतो, एका पाळीला होतो आणि भट्टीने एकाच दिवशी आम्हाला कायमचे घरी पाठवले. नंतर त्याची व्हॅन आणि माझे कान, असा आमचा संसार झाला. म्हाताऱ्या लोकांच्या दारात जायचे, टोपी काढायची, जुन्या तबकड्या आहेत का विचारायचे. फ्लिंटच्या एका विधवा बाईंनी आम्हाला दारातच उभे करून विचारले, “तुम्ही धर्म सांगत फिरणारे यहोवाचे साक्षीदार आहात का विमावाले?” अर्लिस म्हणाला, “मॅडम, आम्ही भंगारवाले, पण गाणाऱ्या भंगाराचे.” बाई हसल्या आणि तळघर उघडले. हे अर्लिसला जमते. मला जमत नाही. मी तळघर उघडल्यावर उपयोगी पडतो. सुई टेकवायच्या आधी नुसते चर बघून गाणे संथ की जलद, मध्ये ड्रम एकटे वाजतात की नाही, हे आम्ही दोघे सांगू शकत होतो. या गावात असे सांगू शकणारे दोघेच होते. मी गेलो की एक राहील. हे वाक्य मला लिहायचे नव्हते, पण खोटे लिहिणार नाही.

ओडेसाच्या खोक्यातली शेवटची एक तबकडी तिच्याकडे उरली होती. बाकी खपल्या, फुटल्या, परगावी गेल्या. अर्लिस तिच्याकडे गेला आणि म्हणाला, “सिस्टर ओडेसा, महिनाभर द्या. धुऊन, नीट टेप करून आणतो.” तिने दिली. मला विचारले असते तर मी नको म्हणालो असतो, म्हणून दोघांनीही मला विचारले नाही.

महिन्याचे वर्ष झाले. अर्लिस म्हणायचा, आणतो, मशीन बिघडलंय. माझ्याकडे न आणता त्याचे मशीन बिघडलेले राहते, यात मला तेव्हाच काही वास यायला हवा होता, पण मित्राला आपण नाकाने जोखत नाही. मग एका रविवारी दुपारी तो माझ्या दारात आला. हातात नवी सीडी. चेहरा असा, की जणू पोरगा पदवी घेऊन आला.

“बघ, व्हर्डेल! आपलं गाव! लंडनमध्ये निघालीये. आपल्या मिशिगनची देवाची गाणी, एकत्र. अकरावं बघ.”

मी चष्मा घातला आणि अकरावे बघितले. ‘चालत राहा’. रेव्हरंड एल. टी. पर्व्हिस आणि मंडळी. त्याखाली बारीक अक्षरात: मुख्य गायिका कोण ते माहीत नाही.

“यांना कुठून मिळाली ही?” मी विचारले.

“माझ्याकडून. म्हणजे, त्यांचा माणूस आला होता ना, त्याला दिली. कोरी करकरीत दिली. बघत राहिला.”

“कोरी कुठून आली तुझ्याकडे?”

त्याने टोपी सरळ केली. मग म्हणाला, “अरे, ओडेसाचीच. पैसे मी तिला देणारच होतो.”

“तिच्यावर नाव होतं, अर्लिस.”

“हो, होतं ना. पुसलं. स्पिरिट आणि कापूस. डाग नाही राहिला. तू असतास तर म्हणाला असतास, काय हात आहे!”

“ते काय नाव होतं?”

“ओडेसाचं. तिचीच होती ना तबकडी! मालकिणीनं नाव घातलं होतं. सगळेच घालायचे.” आणि मग हळूच म्हणाला, “का? ती गायलीय का यात?”

वीस वर्षे हा माणूस माझ्याबरोबर लोकांची तळघरे उपसत फिरला. ओडेसाच्या हातचे जेवला. ती गात असे हे त्याला माहीत होते. कोण नाही गात आमच्याकडे? पण तिला त्याने कधी विचारले नाही आणि तिने कधी मिरवले नाही. तो आवाज त्याने शंभरदा ऐकला असेल. साखळी कुठे वाजते ते त्याला ठाऊक होते. गळा कोणाचा ते नाही.

तेव्हा मी एवढेच म्हणालो, “चालता हो.”

ओडेसा तेव्हा आजारी होती, अंथरुणाला लागलेली. मी तिला सांगणार नव्हतो, पण लाटोन्याच्या बसमध्ये कोणी तरी बोलले आणि तिने आईला ती सीडी नेऊन दाखवली. ओडेसाने ते बारीक अक्षर हात लांब करून वाचले. मग म्हणाली, “लाव.”

पूर्ण ऐकले. शेवटी साखळी थांबली, मेजर एकदा भुंकला, तिथपर्यंत. मग म्हणाली, “बरी गाते गं ही. माहीत नसलेली.”

लाटोन्या रडायला लागली. ओडेसा म्हणाली, “रडतेस काय? माहीत नसलेल्या बाईला बिलं येत नाहीत. फायदा बघ.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्या हिवाळ्यात ती गेली. थडग्यावर तिचे नाव आहे. ते कोरले जाताना मी कोरणाऱ्याच्या शेजारी उभा राहिलो होतो.

मी लंडनच्या कंपनीला लिहिले. उत्तर सभ्य आले. त्यांच्याकडच्या प्रतीच्या लेबलावर कोणतेही नाव नाही. फ्लिंटच्या एका जुन्या बाजारात मला ओडेसाच्या खोक्यातली एक प्रत सापडली होती, निळ्या शाईसकट. तिचा फोटो मी पाठवला. त्याचेही उत्तर आले: अशा तबकड्यांवर मालकाचे नाव लिहिण्याची प्रथा होती हे आम्हाला ठाऊक आहे, तेव्हा यावरून काही सिद्ध होत नाही. आमचीच रीत मला समजावून सांगितली. मी पुन्हा लिहिले की, तुमची प्रत दिव्याखाली तिरपी धरून बघा. स्पिरिटने शाई जाते, पेनाचा दाब जात नाही. कागदाला पडलेली खळी राहते. माझी बहीण दाबून लिहायची. याला उत्तर आले नाही. आणि आले असते तरी काय? पुन्हा मालकिणीचेच नाव.

थोरले रेव्हरंड वारले, पेटिग्रू वारले, कोरसच्या बाया वारल्या. मी भाऊ, भावाचे कोण ऐकतो? राहिला तो एकच, ज्याच्या शब्दाला त्या लोकांत वजन आहे, कारण माल त्यांनी त्याच्याकडून घेतला. म्हणून मी, व्हर्डेल क्रॉकेट, त्याच्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात गेलो. टोपी काढली नाही, पण गेलो.

“चार ओळी लिही त्यांना,” मी म्हणालो. “बाईनं स्वतः गायलं, स्वतः नाव लिहिलं, मी पुसलं. बस.”

“आणि मी पुसलं हे कशाला लिहू?”

“कारण तू पुसलंस.”

“व्हर्डेल, मी ती अस्सल कोरी म्हणून दिलीय. शाई काढून कोरी म्हणून विकली हे एकदा बाहेर गेलं, तर माझ्याकडून पुन्हा कोणी सुईसुद्धा घेणार नाही.” त्याने काउंटर पुसायला घेतला. पुसायची त्याला सवयच आहे. “ती गेली रे. वाईट झालं. पण मी अजून धंद्यात आहे.”

तेव्हापासून आम्ही बोलत नाही. चर्चमध्ये तो माझ्या मागे दुसऱ्या बाकावर बसतो. चांगला गातो. मी वळून बघत नाही.

कलम ९. संग्रहाचे काय करावे.

लाटोन्याला मी आधी विचारले. ती फडताळांकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, “मामा, खरं सांगू? मला घर दे, हीटर दे, लाथ घालायची बाजू पण पाठ आहे माझी. हे नको. मला यांतलं काही कळत नाही आणि मी विकून टाकीन आणि तू रोज स्वप्नात येऊन मला शिव्या देशील.” प्रामाणिक आहे. आईवर गेली आहे.

परगावचे व्यापारी आहेत. डॉक्टरांनी माझ्या छातीचे एक्स-रे फोटो दिव्यावर लावले त्याच आठवड्यापासून त्यांचे फोन यायला लागले. गिधाडांना कोण कळवते ते कळत नाही. ते सगळे नेतील आणि चार देशांत वाटतील, आणि ज्या म्हाताऱ्या ओतार्‍याने पगार घालून गाणे काढले त्याची नात ते गाणे कधी ऐकणार नाही.

तेव्हा मी पुष्कळ विचार केला आणि विचार जिथे जाऊ नये म्हणून मी धडपडत होतो तिथेच गेला. या गावात सुई कशी टेकवावी हे कळणारा माणूस एकच उरतो. म्हणून माझा संपूर्ण संग्रह, फडताळांसकट, मी अर्लिस बीमन याला देतो, पुढील अटीवर.

माझ्या दफनानंतरच्या पहिल्या रविवारी, सेकंड सिलोममध्ये, प्रार्थना झाल्यावर आणि दानपेटी फिरण्याआधी, अर्लिसने उभे राहून तीन वाक्ये बोलावीत: “ही तबकडी ओडेसा क्रॉकेटने गायली आहे. तिने आपले नाव तिच्यावर लिहिले होते. ते मी पुसले.” तीनच. ‘पण’ हा शब्द आला की अट मोडली. ‘त्या काळी’ असे सुरू केले की अट मोडली. रडल्यास हरकत नाही, मात्र वाक्ये पुरी ऐकू यावीत. मागच्या बाकावर बहिऱ्या बाया बसतात. त्यानंतर हीच तीन वाक्ये सहीनिशी लंडनला पाठवावीत आणि पोच लाटोन्याला दाखवावी. मग चाव्या त्याच्या.

त्याने नकार दिला, तर लाटोन्याने चर्चच्या अंगणात टेबले मांडावीत, जोनेटाने मांडली होती तशी, आणि प्रत्येक तबकडी ती गाणाऱ्याच्या घरच्यांना फुकट देऊन टाकावी. आमचे लोक आपापल्या मयतांना ओळखतात.

तबकड्या उभ्या ठेवाव्यात, आडव्या नाहीत. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. स्पिरिट घरात आणू नये. सुई उडते म्हणून तिच्या डोक्यावर नाणे ठेवणाऱ्याला खोलीबाहेर काढावे, मग तो रेव्हरंड असला तरी.

कलम १०. शेवटचे. हे अर्लिसने बसून ऐकावे.

अर्लिस, तू तीन वाक्ये बोलशील. मी तुला ओळखतो. संग्रहासाठी तू चौथेही बोलशील. फडताळे उघडशील तेव्हा पहिली तबकडी तू सवयीने दिव्याकडे धरशील आणि तुला लेबलावर निळी शाई दिसेल. मग दुसरी काढशील. तिच्यावरही. खालच्या कप्प्यात बघ, वरच्या बघ, खिडकीकडच्या भिंतीला बघ.

वसंतापासून मी हेच करत आहे. श्वास पुरतो तोवर टेबलाशी बसतो आणि एकेका लेबलावर, भोकाच्या उजव्या हाताला, लिहितो. गाणारीचे नाव, ड्रमवाल्याचे नाव, हॅमंड ऑर्गनवर बसलेल्या मावशीचे नाव, ट्रक घ्यायला साठवलेल्या पैशातून तबकडी काढणाऱ्या काकाचे नाव. ज्यांना छापणारा विसरला आणि ज्यांना रेव्हरंड विसरला, त्यांची. ही नावे मी त्या-त्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना विचारून घेतलेली आहेत. तळघर तू उघडत होतास तेव्हा मी वर स्वयंपाकघरात बसून विचारत होतो. तुला वाटायचे, मी कॉफी पितो. जिथे नाव मिळाले नाही तिथे जागा मोकळी सोडली आहे. अंदाजाने एकही लिहिलेले नाही.

आता या खोलीत कोरी म्हणावी अशी एकही तबकडी राहिलेली नाही. त्या व्यापाऱ्यांना फोन करून सांग. ते फोन ठेवतील. तुला त्या ऐकता येतील, ऐकवता येतील, गाव बोलावून वाजवता येतील. विकायच्या असतील तर एकेक पुसावी लागेल. स्पिरिट आणि कापूस. हात तुझा चांगला आहे आणि आयुष्यही अजून आहे. पुसताना मात्र वाचावे लागेल, त्याला माझा इलाज नाही.

फ्लिंटची ती १०४ मी माझ्या पेटीत नेत नाही. ती पहिल्या फडताळात, पहिली. तिच्यावर मी काही लिहिलेले नाही. तिच्यावर जिने लिहायचे तिने लिहिलेले आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, खाडाखोड केली नाही.

मुक्काम सॅगिनॉ, ईस्ट साइड, माझे स्वयंपाकघर. दिनांक ९ ऑक्टोबर २००६.

(सही) व्हर्डेल क्रॉकेट

साक्षीदार. आम्हा दोघांना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही. ब्रदर क्रॉकेट यांनी ते आम्हाला तीनदा बजावून सांगितले आणि कायद्याचे कलमही वाचून दाखवले. त्यांनी आमच्या समक्ष, शुद्धीत, निळ्या बॉलपेनने सही केली. मध्ये खोकल्यासाठी थांबले, मग पुन्हा धरून पुरी केली. आम्ही म्हटले, इतके दाबू नका, हात दुखेल. सही खालच्या मेणकापडावरही उमटली आहे.

१. हायरम स्ट्रिकलंड, न्हावी, ईस्ट साइड, सॅगिनॉ

२. मिसेस लुव्हिनिया टेट, शेजारीण. मेणकापड माझे आहे, त्यांना टेबलासाठी वापरायला दिलेले. मी ते पुसणार नाही.